अपघात परराज्यात, दावा आपल्या दारात

रस्त्यावरच्या अपघाताला जात नसते असे म्हटले जाते. हे अर्धसत्य आहे. गाडी अंगावर येताना जात विचारत नाही, हे खरे. परंतु त्या वेळी रस्त्याच्या कडेने पायी कोण चालले होते, उसाच्या ट्रॉलीवर कोण बसले होते आणि काम संपवून अंधारात सायकलवरून घराकडे कोण निघाले होते, हे या समाजव्यवस्थेने आधीच ठरवून ठेवलेले असते. आणि अपघात झाल्यानंतर कोणाला भरपाई मिळते आणि कोण हात हलवत घरी परततो, हे तर पूर्णपणे ती व्यवस्थाच ठरवते. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मेलेल्यांत दुचाकीस्वार आणि पादचारी मिळून साठ टक्क्यांहून अधिक होते. मोटारीच्या आत बसलेल्यांपेक्षा मोटारीच्या बाहेर असलेलेच अधिक मरतात, एवढाच या आकड्यांचा अर्थ आहे.

आपला समाज आज पोटासाठी राज्याच्या सीमा ओलांडतो आहे. बीड, जालना, परभणीकडचे ऊसतोड मजूर दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि पुढे कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. नांदेडचा गवंडी हैदराबादला जातो. गोंदिया-भंडाऱ्याचा मजूर छत्तीसगडात जातो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला तेलंगण, कर्नाटक, मध्य प्रदेशातून लाखो अनुयायी येतात. या सर्व प्रवासात अपघात होतात, आणि अपघात परराज्यात झाला की आमचा माणूस हाय खातो. 'आता त्या राज्यात कोण तारखा करणार, तिथली भाषा कोणाला येते, मालक कुठला आणि आपण कुठले' असे म्हणून तो मिळतील ते दहा-वीस हजार रुपये घेऊन कागदावर अंगठा उठवतो. कायद्याने दिलेला लाखोंचा हक्क असा दवाखान्याच्या व्हरांड्यात संपतो. म्हणून आज आम्ही या प्रश्नाची मांडणी करीत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. अपघाताची भरपाई ही दया नव्हे, मदत नव्हे, सरकारी अनुदानही नव्हे. ज्याच्या हयगयीने आपला हात-पाय गेला त्याने ते नुकसान भरून द्यावे, हा आपला कायदेशीर दावा आहे. 'नशिबात होते' ही भाषा आमची नाही. तथागतांनी आम्हाला कार्यकारणभाव शिकवला. कारणाशिवाय काहीही घडत नाही, आणि अपघातामागचे कारण जर माणसाची हयगय असेल तर त्याची जबाबदारीही माणसावरच येते.

बाबासाहेबांच्या आयुष्यातच याचा दाखला आहे. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून ते ऑक्टोबर १९२९ मध्ये धुळ्याला गेले होते. परतताना ते चाळीसगावला उतरले. त्यांना महारवाड्यात घेऊन जायला एकही टांगेवाला तयार होईना, कारण अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला वस्तीतलाच एक माणूस बसला, ज्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. वाटेत नदीवरच्या पुलाशी टांगा आदळला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. कितीतरी दिवस त्यांना अंथरुणावर पडून राहावे लागले. हा अपघात त्या बिचाऱ्या चालकाने केला, की त्याला त्या जागी बसवणाऱ्या जातिव्यवस्थेने? तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मागायला न्यायाधिकरण नव्हते. आज ते आहे, आणि तरीही आमची माणसे तिथपर्यंत पोचत नाहीत.

आता कायद्याचा इतिहास पाहू. १९८८ चा मोटार वाहन कायदा झाला तेव्हा अपघात ज्या हद्दीत झाला तेथील न्यायाधिकरणातच दावा करावा लागत असे. शिवाय सहा महिन्यांची मुदत होती, आणि उशिराचे कारण पटले तरी बारा महिन्यांच्या पुढे जाता येत नसे. म्हणजे हैदराबादला पाय मोडलेल्या नांदेडच्या माणसाने कुबड्या घेऊन हैदराबादलाच खेटे घालायचे. १९९४ च्या दुरुस्तीने या दोन्ही बेड्या तोडल्या. मुदतीची अट काढून टाकली गेली, आणि कलम १६६(२) प्रमाणे दावेदाराला निवड मिळाली. अपघात झाला तेथे, स्वतः दावेदार राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, अथवा प्रतिवादी राहतो तेथे, यांपैकी कुठेही दावा करावा. न्यायालय जखमी माणसाच्या दारात आणणारी ही दुरुस्ती होती. तिची जयंती कोणी साजरी करत नाही, पण गरिबांच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, नांदेड जिल्ह्यातील एक गवंडी हैदराबादजवळच्या बांधकामावर आहे. रस्ता ओलांडताना त्याला कर्नाटक नोंदणीची कार धडक देते. कारचा मालक बीदरचा. माणूस महाराष्ट्राचा, अपघात तेलंगणात, गाडी कर्नाटकाची, अशी तीन राज्ये या एका अपघातात आली. फौजदारी गुन्हा जेथे अपघात झाला तेथेच चालेल, ती वेगळी बाब आहे. परंतु भरपाईचा दावा हा गवंडी नांदेडच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करू शकतो. त्याने हैदराबादला किंवा बीदरला जाण्याची कायद्याला गरज वाटत नाही. आणि प्रत्यक्ष पैसे देणारा पक्ष बहुतेक वेळा कारमालक नसून त्याची विमा कंपनी असते. या कंपन्यांची कार्यालये जवळजवळ प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. म्हणजे मालक कितीही लांबचा असला तरी ज्याच्याकडून वसुली व्हायची तो पक्ष आपल्याच शहरात बसलेला असतो.

विमा कंपन्यांचे वकील यावर हद्दीचा आक्षेप घेतात. 'दावेदार येथे राहतच नाही, तो कामाला तिकडे आहे' असा त्यांचा युक्तिवाद असतो. पोटासाठी बाहेर गेलेल्या माणसाला त्याच्याच गावात उपरा ठरवण्याचा हा प्रकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये कोलकात्याच्या एका प्रकरणात या वृत्तीला चपराक दिली. अपघात हुगळी जिल्ह्यात झाला होता, दावा कोलकात्यात केला होता, आणि उच्च न्यायालयाने हद्दीच्या कारणावरून मंजूर झालेली भरपाई रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. विमा कंपनीचे कार्यालय कोलकात्यात आहे, तिचे काही नुकसान झालेले नाही, आणि हा कायदा पीडितांच्या हितासाठी आहे, त्यामुळे अशा तांत्रिक आक्षेपांना थारा देता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. तरीही आमचा आग्रह असा की दाव्यातच राहण्याचा पत्ता स्पष्ट लिहावा आणि मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, आधार यांच्या प्रती जोडाव्यात. विरोधी वकिलाला फट ठेवू नये.

जुलै २०२३ मधला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तर आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. अपघात पश्चिम बंगालमध्ये सिलिगुडीला झाला होता, आणि दावेदारांनी उत्तर प्रदेशात फतेहगढच्या न्यायाधिकरणात दावा केला होता. गाडीचा मालक सर्वोच्च न्यायालयात गेला. साक्षीदार सिलिगुडीचे, त्यांना तिकडची भाषा अडचणीची, म्हणून दावा दार्जिलिंगला पाठवा, अशी त्याची मागणी होती. ती फेटाळली गेली. दावेदाराने कायद्याने दिलेली निवड केली आहे, तिच्यावर दुसऱ्या पक्षाला तक्रार करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. निर्णय योग्यच आहे. मात्र हिंदी ही राष्ट्रभाषा असल्याने साक्षीदारांनी हिंदीत बोलावे, असेही त्या आदेशात म्हटले गेले. हे आम्हाला मान्य नाही. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष असलेल्या संविधानात 'राष्ट्रभाषा' असा शब्द नाही. कलम ३४३ संघराज्याच्या राजभाषेविषयी बोलते आणि आठव्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत. साक्षीदाराला त्याच्या भाषेत बोलू द्यावे आणि दुभाष्या द्यावा, हाच संविधानाला धरून असलेला मार्ग आहे. उद्या तेलुगू साक्षीदार नांदेडला आला तर त्याच्यासाठीही आम्ही हेच मागू.

एकाच अपघातात वेगवेगळ्या राज्यांतले प्रवासी सापडले तर काय? समजा, दीक्षाभूमीवरून परतणाऱ्या गाडीत काही जण आदिलाबादचे आणि काही चंद्रपूरचे आहेत. प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी दावा केला तर पूर्वी गोंधळ होई आणि दावे एकत्र आणण्यासाठी दिल्लीपर्यंत धाव घ्यावी लागे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की अशा वेळी जो दावा पहिला दाखल झाला तो तेथेच चालेल आणि नंतरचे दावे तिकडे वर्ग होतील. त्यासाठी दावेदारांना सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागणार नाही. यातून आपण घ्यायचा धडा सरळ आहे. एका गाडीतल्या सर्व पीडितांनी आधी एकत्र बसावे, सर्वांना सोयीचे ठिकाण ठरवावे आणि तेथे पहिला दावा टाकावा. वेगवेगळ्या वकिलांच्या मागे धावून आपल्याच माणसाला लांबच्या न्यायालयात ओढू नये.

एवढे सगळे अनुकूल असताना मग दुखणे कुठे आहे? ते २०१९ च्या दुरुस्तीत आहे. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६(३) लागू झाले आणि १९९४ साली तोडलेली मुदतीची बेडी पुन्हा पायात आली. अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल झाला नाही तर तो ऐकला जाणार नाही, अशी ही तरतूद आहे. पूर्वीच्या कायद्यात निदान उशीर माफ करण्याची सोय होती, यात तीही नाही. आमच्या मते ही तरतूद गरिबांच्या विरोधी आहे, आणि परराज्यात जखमी झालेल्या मजुराच्या तर मुळावर आलेली आहे. तीन-चार महिने तो दवाखान्यातच असतो. गावी आल्यावर कर्ज फेडण्याची चिंता असते. एफआयआर तेलुगूत किंवा कन्नडमध्ये, ती आणायला कोण जाणार? अपंगत्वाचा दाखला जखम स्थिर झाल्याशिवाय मिळत नाही. तोवर सहा महिने केव्हा उलटतात ते कळतही नाही. न्यायालय दारात आणले खरे, पण दार सहा महिन्यांनी बंद करून घेतले.

सरकारची बाजू अशी की पोलिसांनीच आता सर्व काही करायचे आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत पोलिसांनी द्यायचा, आणि कलम १६६(४) प्रमाणे पोलिसांचा अहवाल हाच न्यायाधिकरणाने दावा म्हणून हाती घ्यायचा. कागदावर ही योजना उत्तम आहे. परंतु ॲट्रॉसिटीची फिर्याद नोंदवून घ्यायला जी यंत्रणा दिवसचे दिवस लावते, ती परराज्यातल्या मजुराच्या अपघाताचे अहवाल वेळेवर पाठवील, या भरवशावर आम्ही आमचा हक्क सोपवावा काय? सहा महिन्यांच्या या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की केवळ मुदत उलटली म्हणून न्यायाधिकरणांनी दावे फेटाळू नयेत. हा दिलासा आहे. पण अंतरिम आदेश हा अंतरिमच असतो. ज्यांचे सहा महिने उलटून गेले आहेत त्यांनी या आदेशाचा आधार घेऊन ताबडतोब दावा टाकावा. ज्यांचे उलटलेले नाहीत त्यांनी हा आदेश जणू नाहीच असे समजून मुदतीच्या आत टाकावा. दाखला, बिले आणि भाषांतरे नंतरही जोडता येतात, आधी दावा दाखल झाला पाहिजे.

कायद्यात काही सापळे आहेत, त्यांचीही ओळख करून घ्यावी. कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. हे पैसे लवकर मिळतात म्हणून विमा कंपनीचा माणूस ते पुढे करतो. पण ते कलम १४९ मधील पद्धतीने एकदा स्वीकारले की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. अडीच लाखांसाठी पंचवीस लाखांवर पाणी सोडायचे की नाही, हे हिशेब करूनच ठरवावे. लोकअदालतीतली तडजोडही तशीच अंतिम असते, तिच्यावर अपील नाही. लोकअदालतीला आमचा विरोध नाही, पण घाईने सही करू नये. आणि धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात, परंतु त्याचा अर्ज जेथे अपघात झाला त्या भागातल्या महसूल अधिकाऱ्याकडेच करावा लागतो. तेथे घरच्या जिल्ह्याची सवलत नाही. म्हणून परराज्यातून जखमीला हलवण्यापूर्वी कोणीतरी एकाने मागे थांबून पोलीस ठाण्याचे काम उरकावे. ते जमले नाही तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे आपल्या गावच्या ठाण्यातही फिर्याद देता येते. हद्दीबाहेरचा गुन्हा म्हणून ते नाकारू शकत नाहीत, फिर्याद नोंदवून पुढे पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आणखी एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. मालवाहू वाहनातून प्रवास करणाऱ्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवले. मालाचा मालक मालासोबत असेल तर गोष्ट वेगळी. काही प्रकरणांत न्यायालयांनी 'विमा कंपनीने आधी द्यावे आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावे' असा मार्ग काढला आहे, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. टेम्पोत, ट्रकमध्ये आणि ट्रॉलीवर बसून कोण जातो? ज्याला एसटीचे किंवा खासगी बसचे भाडे परवडत नाही तो. म्हणजे जो सर्वांत गरीब त्याच्याच डोक्यावर विम्याचे छत्र नाही. मजुरांना मुकादम ट्रॉलीवर बसवतो. त्यांच्यासाठी कारखान्यांनी प्रवासी वाहनांची व्यवस्था करावी, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. परंतु दीक्षाभूमीला जाणारा जथा तर आपणच नेतो. तेथे आपणच शिस्त पाळावी. प्रवासी परवान्याचीच गाडी ठरवावी आणि तिच्या विम्याची तारीख निघण्यापूर्वी पाहून घ्यावी. वर्गणी थोडी अधिक पडली तरी हरकत नाही.

आता भरपाईच्या रकमेचा प्रश्न. येथेही शोषण अंकांच्या आड लपून बसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे की शरीराचे अपंगत्व किती टक्के आणि कमाईचे नुकसान किती टक्के, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डावा हात गेला तर डॉक्टर ६० टक्के अपंगत्व लिहील. पण तो माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. हिशेब करून पाहू. आमच्या उदाहरणातला गवंडी ३० वर्षांचा आहे आणि महिना १५ हजार रुपये कमावतो. वर्षाचे १,८०,००० झाले. २०१७ च्या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरायचे, म्हणजे २,५२,०००. या वयाला १७ चा गुणक आहे, म्हणजे ४२,८४,०००. कमाईचे नुकसान ६० टक्केच धरले तर रक्कम २५,७०,४०० वर येते. फरक सतरा लाखांहून अधिक. आणि कमाईचा पुरावा नाही म्हणून महिना आठच हजार धरले तर नुकसान शंभर टक्के मानूनही रक्कम २२,८४,८०० वरच थांबते. औषधोपचाराचा खर्च, वेदनेची भरपाई, पुढे सोबत लागणाऱ्या माणसाचा खर्च हे याशिवाय.

म्हणून ठेकेदाराची चिठ्ठी, मुकादमाची वही, बँकेतल्या जमा रकमा, मोबाईलवर आलेले मजुरीचे पैसे, हे सर्व जपून ठेवावे. सोबत काम करणाऱ्या दोन माणसांच्या साक्षी द्याव्यात. काहीच नसेल तर किमान वेतनाची अधिसूचना दाखवावी. आमच्या बायाबापड्यांचे कष्ट तर कोणत्याच वहीत नसतात. परंतु घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या श्रमालाही मोल आहे आणि ते भरपाईत धरले पाहिजे, हे जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले आहे. 'ती घरीच असते' असे आपल्याच तोंडाने सांगून आपण आपला दावा कमी करू नये.

विमाच नसलेली गाडी असेल तर? तेव्हा मालकाकडूनच वसुली करावी लागते. निकाल नांदेडचा असला तरी तो कर्नाटकात अंमलात येतो. कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्याला वसुलीचा दाखला देते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. दुसऱ्या राज्यातील जिल्हाधिकाऱ्याकडे ती पाठवण्याची सोय १८९० च्या महसूल वसुली कायद्यात आहे. परंतु हे लांबते. त्यापेक्षा सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निर्देशांचा आधार घ्यावा. विमा नसलेले वाहन मालकाने पुरेसे तारण दिल्याशिवाय सोडू नये, असा त्यांचा आशय आहे. गाडी एकदा ठाण्याच्या आवारातून सुटली की मालक दिसत नाही.

हे सर्व एकेकट्या जखमीला जमणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून हे चळवळीचे काम आहे. पुतळे, जयंती, मिरवणुका यांत आपली शक्ती खर्च होते, ती व्हावीही. पण प्रत्येक तालुका शाखेने आपल्या वस्तीतून कोण कोणत्या राज्यात कामाला गेला आहे याची एक वही ठेवायला काय हरकत आहे? अपघाताची बातमी आली की त्या राज्यातल्या आपल्या कार्यकर्त्याला फोन जावा. त्याने गाडीचा नंबर, पोलीस ठाणे, एफआयआर, पंचनामा आणि दवाखान्याचे कागद मिळवावेत. एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिले आहेत, आपल्या शिकलेल्या मुलांनी ती उतरवून घ्यावी. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजना देशभर लागू आहे. दवाखाना अनामत मागू लागला तर ती योजना कार्यकर्त्याने पुढे करावी. आणि हैदराबाद, गुलबर्गा, बीदर येथल्या आंबेडकरी वकिलांची नावे आपल्या वकिलांच्या डायरीत असावीत. सीमा राज्यांना आहेत, चळवळीला नाहीत.

वकिलाची फी हा अडथळा सांगितला जातो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही तो आहे. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समिती असते. आणि आमच्या वकील बांधवांना आमचे सांगणे आहे की भरपाईतला तिसरा-चौथा हिस्सा कापून घेण्याची जी रीत या क्षेत्रात पडली आहे, ती आपण तरी पाळू नये. टक्केवारीवर फी ठरवणे वकिली व्यवसायाच्या नियमांतही बसत नाही. बाबासाहेब ज्या कायद्याच्या बळावर लढले तोच कायदा वापरून जखमी माणसाची गळचेपी करणे आंबेडकरी वकिलाला शोभत नाही.

सहा महिन्यांच्या मुदतीविरुद्ध निवेदने द्या, आपल्या खासदाराला प्रश्न विचारा, कलम १६६(३) रद्द करण्याची मागणी प्रत्येक मेळाव्याच्या ठरावात घाला. आणि ते होईपर्यंत प्रत्येक वस्तीत एवढे तरी पोचवा की अपघात कुठल्याही राज्यात झाला तरी कोऱ्या कागदावर सही करायची नाही, आणि सहा महिन्यांच्या आत आपल्या जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात दावा टाकायचा.

जयभीम!